उन्हाळा हरवलेल्या वर्षाची भुतं

१० एप्रिल १८१५ रोजी संध्याकाळी इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर तांबोरा नावाचा डोंगर फुटला. माणसाने लिहून ठेवलेल्या इतिहासात याहून मोठा उद्रेक सापडत नाही. चार हजार मीटरहून उंच असलेल्या या पर्वताचा माथाच उडून गेला. आज त्याची उंची २,८५० मीटरच्या आसपास आहे आणि माथ्याच्या जागी सहा किलोमीटर रुंदीचा खळगा आहे. पाच दिवस आधीचे पहिले धमाके जावा बेटावर ऐकू गेले, तेव्हा तिथल्या इंग्रज अंमलदारांना त्या तोफा वाटल्या. शेजारच्या ठाण्यावर हल्ला झाला असणार म्हणून योग्यकर्त्याहून फौजही निघाली. शत्रू कुठे दिसला नाही, पुढे आकाशातून राख तेवढी पडू लागली.

राख खाली बसली. वर राहिला तो वायू. पाच-सहा कोटी टन सल्फर डायऑक्साइड पावसाच्या ढगांच्याही वर फेकला गेला होता. तिथे पाऊस पडत नाही, त्यामुळे तिथे पोचलेलं काही लवकर धुऊन निघत नाही. त्या वायूपासून सल्फेटचे अतिसूक्ष्म थेंब बनले, वाऱ्याबरोबर पृथ्वीभर पसरले आणि सूर्यप्रकाशाचा थोडा भाग परत अवकाशात पाठवू लागले. जगाचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं. हा आकडा लहान दिसतो, पण पिकांना तो सोसला नाही. १८१६ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात बर्फ पडला. स्वित्झर्लंडमध्ये पाऊस थांबेना, उभी पिकं कुजली, पावाचे भाव चढले आणि लोक अन्नाला मोताद झाले. या सगळ्याचं मूळ वर्षभरापूर्वी दूरच्या बेटावर फुटलेल्या एका डोंगरात आहे, हे त्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हतं. तो धागा विसाव्या शतकात जुळला.

भारतातही १८१६ चा पावसाळा बिघडला. पुढच्या वर्षी बंगालमधल्या जेसोरहून पटकीची साथ उसळली आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये तिने बुंदेलखंडात तळ देऊन बसलेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या फौजेत हजारोंचे बळी घेतले. खडकीची लढाई झाली तोच हा महिना. काही इतिहासकार ही साथही तांबोराच्या खाती मांडतात. यावर मतभेद आहेत, त्यामुळे हा दुवा पक्का धरता येत नाही.

पक्का आहे तो दुसरा दुवा. दर ३१ ऑक्टोबरला हॅलोवीनच्या रात्री अमेरिकेतली मुलं ज्यांची सोंगं घेऊन दारोदार फिरतात त्यांतले दोन मोठे राक्षस, फ्रँकेन्स्टाइनचा आणि रक्तपिपासू उमराव, हे दोघेही या हरवलेल्या उन्हाळ्याची संतती आहेत.

जिनिव्हाच्या सरोवराकाठी कोलोनी गावात व्हिला दिओदाती नावाचा बंगला आहे. १८१६ च्या जूनमध्ये तो कवी लॉर्ड बायरनने भाड्याने घेतला होता. बरोबर त्याचा खासगी डॉक्टर जॉन पॉलिडोरी होता, वय अवघं वीस. जवळच दुसऱ्या घरात कवी पर्सी शेली, अठरा वर्षांची मेरी गॉडविन आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर राहत होती. सरोवरात होड्या वल्हवाव्यात, डोंगर चढावेत म्हणून आलेली ही तरुण मंडळी पावसाने घरात कोंडली गेली. शेकोटीभोवती बसून त्यांनी जर्मन भुतांच्या गोष्टींचं एक फ्रेंच पुस्तक वाचून काढलं, आणि मग बायरनने सुचवलं की आपण प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहायची.

दोन्ही नामवंत कवींच्या हातून त्यातून फारसं काही झालं नाही. मेरीला रोज सकाळी विचारलं जाई, सुचली का गोष्ट, आणि रोज तिला नाही म्हणावं लागे. मग एका रात्री, सजीवाचं मूळ काय असावं या विषयावरच्या गप्पा ऐकून ती झोपायला गेली आणि मिटल्या डोळ्यांपुढे तिला दिसलं: एक फिकुटलेला विद्यार्थी गुडघे टेकून बसला आहे, आणि त्याने जोडून तयार केलेलं शरीर हळूहळू हलू लागलं आहे. घाबरून तिने डोळे उघडले तेव्हा बंद झडपांच्या फटींतून चांदणं आत येऊ पाहत होतं.

ही हकीकत मेरीने पंधरा वर्षांनी, १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिली. पुष्कळ अभ्यासकांनी ती मागाहून रचलेली मानली. टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीतले खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी मात्र तिचं म्हणणं शब्दशः धरलं. २०१० मध्ये ते सहकाऱ्यांसह कोलोनीला गेले, बंगल्यामागच्या टेकडीचा चढ मोजला आणि १८१६ च्या जूनमध्ये कोणत्या रात्री, किती वाजता चंद्र त्या चढावरून वर येऊन खिडकीत प्रकाश टाकू शकेल याचं गणित मांडलं. उत्तर आलं १६ जून, पहाटे दोन ते तीनच्या दरम्यान. एका मुलीच्या शब्दाची साक्ष चंद्राने दोनशे वर्षांनी दिली. वाङ्मयाच्या इतिहासात पुराव्याचा इतका सुंदर वापर मी दुसरा वाचलेला नाही.

मेरीला ते स्वप्न शून्यातून पडलं नव्हतं. इटालियन शास्त्रज्ञ गाल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने हलतात हे दाखवून दिलं होतं. त्याचा भाचा आल्दिनी याने १८०३ मध्ये लंडनला, फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेतावर विजेचा प्रयोग केला. प्रेताचा जबडा थरथरला, एक डोळा उघडला. सुशिक्षित घरांत हे विषय जेवणाच्या टेबलावर निघत. दुसरी गोष्ट अधिक खासगी आहे. मेरीच्या जन्मानंतर काही दिवसांतच तिची आई वारली होती. १८१५ च्या आरंभी मेरीला स्वतःला दिवस भरण्याआधी मुलगी झाली आणि ती जगली नाही. त्यानंतर तिने रोजनिशीत एक स्वप्न नोंदवलं आहे: बाळ फक्त गारठलं होतं, विस्तवापाशी चोळलं आणि ते जिवंत झालं. निर्जीव देहात प्राण परत यावा ही इच्छा तिला कुठल्या प्रयोगशाळेतून उसनी घ्यावी लागली नाही.

'फ्रँकेन्स्टाइन' १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये छापलं गेलं. प्रती ५०० होत्या आणि लेखिकेचं नाव नव्हतं. त्यातला राक्षस आपल्या ओळखीचा नाही. तो आठ फूट उंच आहे, त्याचे केस काळेभोर आहेत, तो चपळ आहे, आणि मुख्य म्हणजे तो फार सुंदर बोलतो. झोपडीच्या भिंतीआड लपून तो भाषा शिकतो, मिल्टनचं महाकाव्य वाचतो, आणि आपल्याला घडवणाऱ्याला विचारतो की मला टाकून का दिलंस. फ्रँकेन्स्टाइन हे त्या घडवणाऱ्याचं नाव, राक्षसाला नावच नाही.

त्याच पैजेतून दुसरं अपत्य पॉलिडोरीचं झालं. बायरनने एक गोष्ट अर्धवट सोडली होती, तिच्या कल्पनेवरून या डॉक्टरने 'द व्हॅम्पायर' लिहिली. १८१९ मध्ये ती एका मासिकात चक्क बायरनच्या नावाने छापून आली आणि म्हणूनच खपली. पूर्व युरोपातल्या लोककथांमधला रक्तपिपासू हा गावातलाच कोणीतरी मेलेला माणूस असे, फुगलेला, लालबुंद, कबरीतून उठून आलेला. पॉलिडोरीने त्याला उमरावाचे कपडे घातले, फिकट चेहरा दिला, दिवाणखान्यात वावरायला शिकवलं. नमुना म्हणून त्याच्यासमोर खुद्द बायरन होता. श्रेय न मिळताच पॉलिडोरी पंचविसाव्या वर्षी गेला. ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' १८९७ मध्ये आला तो याच वाटेने. स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हानियाला कधी गेला नव्हता, पुस्तकं आणि नकाशे वाचून त्याने तो मुलूख उभा केला.

उन्हात सापडला की ड्रॅक्युला जळून जातो, असं सगळ्यांनाच वाटतं. स्टोकरच्या कादंबरीत मात्र तो लंडनच्या रस्त्यावर भर दिवसा हिंडतो. तिथे दिवसा त्याची ताकद कमी होते, एवढंच. सूर्यप्रकाशाने मरण हा शोध १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाचा. दिग्दर्शक मुर्नाऊ यांच्या मंडळींनी कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते, नावं तेवढी बदलली होती. स्टोकरच्या विधवेने खटला भरला आणि चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट कराव्यात असा निकाल १९२५ मध्ये मिळवला. काही प्रती तरीही वाचल्या. न्यायालयाने जाळायला सांगितलेल्या चित्रपटातली एक क्लृप्ती पुढे जगभर प्राचीन दंतकथा म्हणून रूढ झाली.

आता १९३१. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओने फेब्रुवारीत 'ड्रॅक्युला' आणला. त्यात बेला लुगोसी एकदाही सुळे दाखवत नाही. किल्ल्याच्या तळघरात उंदीर-वटवाघळांच्या सोबतीने आर्माडिलो हा अमेरिकन प्राणी फिरताना दिसतो, जो युरोपात आढळतच नाही. त्याच सेटवर रात्रपाळीला वेगळ्या नटसंचासह स्पॅनिश 'ड्रॅक्युला' चित्रित होत होता. तो कॅमेऱ्याच्या हालचालीत इंग्रजी चित्रपटाहून सरस आहे असं मानणारे जाणकार पुष्कळ आहेत, आणि मला ते पटतं.

'फ्रँकेन्स्टाइन'चं चित्रीकरण त्याच वर्षी ऑगस्टअखेर सुरू झालं. कादंबरी थंडीने काकडलेल्या उन्हाळ्यात सुचलेली, चित्रपट कॅलिफोर्नियाच्या ऐन उन्हाळ्यात घडला. राक्षस झाला बोरिस कार्लोफ, वय ४३, तोवर छोट्या भूमिका करून पोट भरणारा नट. रंगभूषाकार जॅक पिअर्स मूळचे ग्रीसमधून आलेले. त्यांनी रंग लावायला घेण्याआधी शरीरशास्त्राची पुस्तकं चाळली आणि असा विचार केला की शल्यक्रियेत कच्चा असलेला माणूस मेंदू बसवायला कवटी सरळ आडवी कापेल आणि झाकणासारखी परत बसवेल. चपटं डोकं आलं ते इथून. मानेच्या दोन बाजूंना दिसणारे ते बोल्ट नव्हेत, विजेच्या तारा जोडायची टोकं आहेत. कपाळाचा उंचवटा कापूस आणि कलोडियन यांचे थरांवर थर देऊन रोज नव्याने बांधावा लागे आणि त्याला चार तास लागत. कार्लोफने तोंडातला दातांचा पूल काढून ठेवला, तेव्हा एका बाजूचा गाल आत गेला. चेहऱ्याला निळसर हिरवा रंग लावला होता, कारण कृष्णधवल फितीवर तो प्रेतासारखा पांढुरका उमटतो. प्रेक्षकांना हिरवा रंग कधी दिसलाच नाही. तरी पुढे जाहिरातींत, खेळण्यांत, मुखवट्यांत राक्षस हिरवाच राहिला.

जड बूट, कापसाच्या अस्तराचा पोशाख आणि दिव्यांचा ताप. शेवटच्या टप्प्यात सलग पंचवीस तासांचा एक दिवस कार्लोफच्या वाट्याला आला. दोन वर्षांनी नटांची संघटना स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड स्थापन झाली तेव्हा पहिल्या सभासदांत तो होता, सभासद क्रमांक नऊ. चित्रपटाच्या आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे नटाचं नाव नव्हतं, प्रश्नचिन्ह होतं.

कार्लोफ हे घेतलेलं नाव. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, १८८७ चा. घराण्याची मुळं मात्र आपल्याकडे येतात. त्याचे वडील भारतातल्या इंग्रज सरकारच्या मीठ खात्यात नोकरीला होते आणि अँग्लो-इंडियन होते. आईची आई एलायझा ही मुंबई इलाख्यातल्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत सार्जंट असलेल्या टॉमस एडवर्ड्सची मुलगी. या एलायझाची धाकटी बहीण अ‍ॅना १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जन्मली. वडील तिच्या जन्माआधीच वारले होते. १८४९ च्या नाताळात पुण्यात तिचं लग्न झालं. पुढे विधवा झाल्यावर ती सयामच्या राजवाड्यात मुलांना शिकवायला गेली, तिथल्या आठवणी तिने लिहिल्या, आणि त्यांवरून 'द किंग अँड आय' हे गाजलेलं संगीत नाटक व चित्रपट झाले. ही अ‍ॅना लिओनोवेन्स. नगरच्या छावणीत वाढीला लागलेल्या एका गरीब सार्जंटच्या घरातून सयामची ती मास्तरीणबाईही आली आणि दोन पिढ्यांनी फ्रँकेन्स्टाइनचा राक्षसही. अ‍ॅनाने आपलं हे मूळ आयुष्यभर लपवलं आणि जन्म वेल्सचा सांगितला. मिश्र वंशाच्या माणसाला त्या काळात मान मिळत नसे, तेव्हा तिला दोष द्यावासा वाटत नाही.

१९४१ मध्ये 'द वुल्फ मॅन' आला. यात गावकरी एक जुनी म्हणून सांगितली जाणारी कविता म्हणतात. शरद ऋतूतला चंद्र उजळला आणि वुल्फ्सबेन ही विषारी वनस्पती फुलली की भला माणूसही लांडगा होऊ शकतो, असा तिचा आशय आहे. ही लोककविता आहे असं अनेकांना वाटत आलं. ती पटकथाकार कर्ट सिओदमाक यांनी टंकयंत्रावर बसून रचली होती. तिच्यात पौर्णिमेचा उल्लेखही नाही. १९४३ च्या पुढच्या चित्रपटात ओळ बदलून चंद्र पूर्ण केला गेला आणि लांडगा झालेल्या माणसाचं पौर्णिमेशी नातं जगभर पक्कं झालं. सिओदमाक ज्यू होते, हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून निघालेले. त्यांच्या चित्रपटात लांडगा झालेल्या माणसाला आपल्या पुढच्या बळीच्या तळहातावर एक तारा दिसतो.

आता हॅलोवीनकडे वळायला हवं, कारण इथवर सांगितलेल्या एकाही राक्षसाचा त्या सणाशी मुळात संबंध नव्हता. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये केल्टिक लोकांचा साविन नावाचा सण होता. उन्हाळ्याचा अर्धा वर्षभाग संपून अंधाराचा अर्धा भाग सुरू होण्याची ती रात्र, गुरं कुरणांतून घरी आणण्याचा हंगाम. मेलेल्यांचे आत्मे त्या रात्री जवळ येतात अशी समजूत होती. पुढे चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला आणि आदली रात्र त्याला जोडली गेली. भुतांना बिचकवण्यासाठी तिथले लोक सलगम कोरून आत दिवा ठेवत. डोनेगल परगण्यातल्या फिनटाउनमधल्या अशा एका सलगमाचा प्लास्टरचा ठसा आयर्लंडच्या ग्रामजीवन संग्रहालयात ठेवलेला आहे. सुरकुतलेलं तोंड, वेडेवाकडे दात. आजचा गुबगुबीत भोपळा त्याच्यापुढे अगदी सालस दिसतो. दुष्काळामुळे आयरिश लोक लाखोंनी अमेरिकेला गेले, तिथे त्यांना भोपळा मिळाला, सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा. आपण ज्याचे घारगे करतो तो लाल भोपळाही मूळचा अमेरिका खंडातलाच, याच कुळातला.

विसाव्या शतकाच्या आरंभीची हॅलोवीनची शुभेच्छापत्रं पाहिली तर त्यांवर चेटकिणी आहेत, काळ्या मांजरी आहेत, भाज्यांची डोकी असलेली माणसं आहेत. ड्रॅक्युला नाही, फ्रँकेन्स्टाइन नाही. हे दोघे सणात शिरले ते दूरचित्रवाणीच्या दारातून. १९५७ च्या शरदात युनिव्हर्सलच्या ५२ जुन्या भयपटांचा संच 'शॉक' या नावाने अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांना विकण्यात आला. आजोबांनी थिएटरात पाहिलेले राक्षस नातवंडांना घरबसल्या दिसू लागले. पाठोपाठ मुखवटे आले, प्लास्टिकची जोडायची खेळणी आली आणि १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये 'मॉन्स्टर मॅश' हे राक्षसांच्या नाचाचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. प्राचीन वाटणारी ही जोडी साठ-सत्तर वर्षांची आहे.

गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली नरकासुर उभे करतात आणि पहाटे जाळतात. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. या दोन प्रथांचं नातं नाही, तरी शरदातल्या अंधाऱ्या रात्री राक्षस बांधून उभा करावा असं पृथ्वीच्या दोन टोकांना वाटावं, याचं नवल वाटतंच.

हॅलोवीनच्या चित्रांत राक्षसांमागे नेहमी लाल-नारिंगी झाडं असतात. त्या रंगांची हकीकतही राक्षसांइतकीच रंजक आहे. दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि त्याखाली उन्हाळाभर झाकलेली पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं उघडी पडतात. लाल रंगाचं तसं नाही. तो पानात आधी नसतो, झाड तो शेवटच्या दिवसांत नव्याने तयार करतं, आणि त्याचा कच्चा माल साखर असतो. देठाशी बुचासारखा थर तयार होऊ लागतो, पानात तयार झालेली साखर खोडाकडे जाईना होते, आणि स्वच्छ ऊन असलेले दिवस व गार रात्री लाभल्या तर तिच्यातून अँथोसायनिन हे लाल द्रव्य भरपूर बनतं. गळून जाणाऱ्या पानावर झाडाने एवढा खर्च का करावा? पानातलं नत्र परत ओढून घेत असताना तीव्र उन्हापासून त्याचं रक्षण व्हावं म्हणून, हे त्याचं एक सबळ उत्तर मानलं जातं.

१९७८ मध्ये जॉन कार्पेंटर यांना 'हॅलोवीन' नावाचा चित्रपट करायचा होता तेव्हा ही पानं त्यांच्याजवळ नव्हती. खर्चाला सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम होती, चित्रीकरण वसंत ऋतूत आणि तेही कॅलिफोर्नियात, जिथे सगळं हिरवंगार. मग कागदाची पानं रंगवली, रस्त्यावर पसरली, दृश्य संपलं की गोळा करून पुढच्या जागी नेली. भोपळेही त्या दिवसांत मिळेनात. लक्ष देऊन पाहिलं तर इलिनॉय राज्यातल्या म्हणून दाखवलेल्या या गावात मागे ताडाची झाडं डोलतात. खुन्याचा मुखवटा दोन डॉलरच्या आत आणलेला. 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा. डोळ्यांची भोकं मोठी केली, भुवया काढल्या, पांढरा रंग फवारला. संगीत कार्पेंटर यांनी स्वतः केलं, पाच मात्रांच्या ठेक्यावर, जो ठेका वडिलांनी लहानपणी त्यांना बोंगोवर शिकवला होता. चित्रपटाने अमेरिकेत साडेचार कोटी डॉलरच्या पुढे कमाई केली.

चार वर्षांनी, ११ जून १९८२ रोजी, ऐन उन्हाळी सुट्टीत स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला. त्यात हॅलोवीनच्या रात्री परग्रहावरच्या जीवावर पांढरी चादर टाकून मुलं त्याला राजरोस रस्त्यावरून नेतात. सगळेच सोंग घेऊन फिरत असल्याने खऱ्या परक्याकडे कोणी वळून बघत नाही. या जीवाला मुलगा गोळ्या टाकत टाकत घरापर्यंत आणतो, त्यासाठी मार्स कंपनीला एम अँड एम्स वापरण्याची परवानगी मागितली होती. मार्सने नकार दिला. हर्शी कंपनीने होकार दिला आणि रीसेस पीसेस या तेव्हा फारशा न चालणाऱ्या गोळ्यांची विक्री एकदम उसळली.

दारोदार जाऊन खाऊ मागण्याची प्रथा तेव्हा फार जुनी नव्हती. खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, अशा आशयाची ती आरोळी १९२० च्या सुमाराला कॅनडातल्या वर्तमानपत्रांत दिसू लागते. युद्धकाळात अमेरिकेत साखरेचं रेशनिंग होतं. ते जून १९४७ मध्ये उठलं आणि त्यानंतर ही प्रथा देशभर पसरली. मिठाईवाल्यांचं वजन इतकं वाढलं की घड्याळाचा प्रश्नही त्यांचा झाला. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. ही उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपे, म्हणजे बहुतेक वर्षी हॅलोवीनच्या आधीच. ती पुढे न्यावी म्हणून मिठाई उद्योग बरीच वर्षं धडपडत होता. १९८५ च्या सुनावणीत सिनेटरांच्या खुर्च्यांवर साखरेचे भोपळे ठेवले गेले होते असं सांगतात. २००७ पासून उन्हाळी वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चालते.

या दिवसांतली अस्सल मिठाई म्हणजे कँडी कॉर्न. मक्याच्या दाण्याच्या आकाराची, टोक पांढरं, मधे नारिंगी, बूड पिवळं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातल्या एका कारखान्यात ती प्रथम झाली असं मानतात. १८९८ पासून गोएलित्झ कंपनी ती करू लागली, तेव्हा पाकिटावर नाव होतं 'चिकन फीड', कोंबड्यांचा दाणा. तेव्हाचे पुष्कळ अमेरिकन शेतकरी होते. मक्याच्या स्टार्चने भरलेल्या ताटात दाण्याच्या आकाराचे खड्डे पाडायचे, टोक खाली. त्यांत आधी पांढरा पाक ओतायचा, त्यावर नारिंगी, मग पिवळा. स्टार्च ओलावा शोषून घेतो आणि दाणे घट्ट होतात.

पण त्यांना ती तुकतुकी येते कुठून? शेवटी गोल फिरणाऱ्या पिंपात दाण्यांवर एक झिलई चढवतात. ती असते चपडा लाखेची, सुतार लाकडाला पॉलिश करायला वापरतात त्याच लाखेची, खाण्यासाठी शुद्ध केलेली. औषधाच्या गोळ्यांवरही ती चढवतात. लाख हा एका इवल्याशा किड्याने आपल्याभोवती बांधलेला राळेचा कोट. जगातली बरीचशी लाख भारतात होते, मुख्यतः झारखंड आणि छत्तीसगडमध्ये, आणि थोडी आपल्या गोंदियाकडेही. पळस, बोर आणि कोशिंब ही तिची झाडं. कोशिंबाची पालवी चैत्राच्या सुमाराला लालभडक फुटते, आणि तो लालपणाही अँथोसायनिनचाच, न्यू इंग्लंडच्या झाडांना जाताना चढतो तोच, इथे कोवळ्या पानांना येताना चढतो. पळस-बोरीवरच्या लाखेची वर्षात दोन पिकं निघतात. त्यांतल्या एकाला लाख करणारे लोक कतकी म्हणतात, कार्तिकावरून. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फांद्यांवरून खरवडून काढतात.